मागची डावी सीट

नव्या गाडीचा पहिलाच लांबचा प्रवास, म्हणून मी हौसेनं सगळं घेतलं होतं. टायरमध्ये हवा भरायचा पंप, काचेवरचा कॅमेरा, मोबाइलचं स्टँड आणि गाडीच्या सॉकेटवर चालणारा इवलासा पांढरा फ्रिज. वाळूजच्या कारखान्यात माझं कामच सेन्सर तपासायचं. माणसं खोटं बोलतात, सेन्सर बोलत नाही, असं मी रूपाला ऐकवायचो. "मग त्याच्याशीच लग्न करायचं होतं," ती म्हणायची.

अजिंठ्याजवळच्या तिच्या माहेरून दुपार कलल्यावर निघालो. सासूबाईंनी मटणाचा डबा दिला. झाकणावर कोळसा आणि कडुलिंबाचा टहाळा.

"जावईबापू, घरी जाईस्तोवर हे काढू नका. मटणाचा वास लई लांब जातो. मागं लागतंय कायबाय."

"फ्रिजमधून वास बाहेर येत नाही, आई," मी हसलो.

डबा डिकीतल्या फ्रिजमध्ये ठेवला. पण नव्याकोऱ्या फ्रिजला काळं लागेल, ही टोचणी जाईना. गावाची शीव आली तेव्हा रूपाचा डोळा लागला होता. गाडी थांबवली आणि कोळसा, टहाळा, दोन्ही शेतात भिरकावलं.

मागं उजवीकडं आमची लेक संस्कृती बसली होती. बालवाडीत जाते. तिला पट्टा नको असतो. ती तो सोडायची, टुंगटुंग सुरू व्हायची, समोरच्या पडद्यावर तिची सीट लाल दिसायची. मी ओरडलो की लावायची. सिल्लोडपर्यंत हाच खेळ चालला.

सिल्लोड सुटलं आणि पुन्हा टुंगटुंग.

"संस्कृती!"

"लावलाय ना, बाबा!"

खरंच लावला होता. पडद्यावर लाल होती ती डावी सीट. रिकामी.

त्या सीटवर वजन पडल्याशिवाय आवाज होत नाही. मी उतरून सीट झटकली, हात फिरवला. उन्हात तापलेल्या गाडीत तेवढीच जागा गार लागली. वायरिंगचा घोळ असणार. रिकाम्या सीटचा पट्टा खोबणीत अडकवला. आवाज थांबला.

थोड्या वेळानं आरशात पाहिलं. तो पट्टा सैल नव्हता. कशावर तरी ताणून बसला होता.

संस्कृती दाराला चिकटली होती. "बाबा, मला पुढं यायचंय."

रूपा जागी झाली. तिनं मागं पाहिलं, मग माझ्याकडं.

"अहो, आईनं दिलेला कोळसा?"

"फेकला."

"थांबवा गाडी. डबा बाहेर ठेवा आधी. पोरगी आहे मागं!"

आम्ही दोघंही डिकीकडं धावलो. डब्याच्या कड्या घट्ट होत्या. आत नुसती हाडं. पांढरी, कोरडी.

डबा बाभळीखाली ठेवला. हात जोडले. मी जोडले, मी!

परत आलो तर डावा पट्टा सैल पडला होता. रूपाला रडू फुटलं. "ये गं, माझ्या मांडीवर ये."

"नको," संस्कृती म्हणाली. "इथंच बरंय."

फुलंब्री गेली. दिवेलागणीला गारखेड्यात, घराच्या वळणावर आलो.

आरशात दिसलं, संस्कृतीनं पट्टा सोडला. सरकत सीटच्या मधोमध येऊन बसली.

मी टुंगटुंगीची वाट पाहिली.

"वाज की," मी पुटपुटलो.

पडद्यावर मागच्या तिन्ही सीट रिकाम्या होत्या.