अकरा पौंडांची खिडकी

ही गोष्ट खरी आहे. पटत नसेल तर यंगस्टाउनला या, आमची खिडकी अजून उघडीच आहे. येताना जाड कोट आणा.

लोकांची भुतं मध्यरात्री येतात. आमचं मंगळवारी दुपारी अडीच वाजता आलं. सव्वीस जून. भर उन्हात. समोरचा शेजारी गवत कापत होता.

माझी बहीण कोरीन आणि तिचा नवरा लाइल यांनी त्याच हिवाळ्यात हे घर घेतलं होतं. मी त्यांच्या तळघरात राहतो. तात्पुरता. त्यालाही आता वर्ष होईल.

वरच्या मजल्यावरची छोटी खोली त्यांच्या बाळाची. एमेटची. तो तेव्हा सहा आठवड्यांचा होता. खोलीला एकच खिडकी, खालचं तावदान वर सरकवून उघडायची. आणि ते तावदान कुणीतरी चार लांब स्क्रू पिळून चौकटीला जखडून टाकलेलं.

आतल्या बाजूनं...

"आधीच्या बाईंना वाऱ्याचं वावडं असेल," असं म्हणून लाइलनं स्क्रू काढले. चार स्क्रूंना त्याला अख्खा रविवार लागला. हा टोमणा नाही, नुसती नोंद आहे.

स्क्रू निघाले, पण तावदान वर थांबेना. अशा खिडकीच्या दोन्ही बाजूंना चौकटीत एकेक बॅलन्स असतो. आत स्प्रिंग असते, ती तावदानाचं वजन तोलून धरते. आमच्या खिडकीचा डावा बॅलन्स तुटला होता. जूनमध्ये वरचा मजला म्हणजे भट्टी, खिडकी बंद ठेवून चालणार नव्हतं. म्हणून लाइलनं टेकू लावला. त्याची बोलिंगची ट्रॉफी. दुसरा क्रमांक.

मंगळवारी अडीचला कोरीननं एमेटला पाळण्यातून उचललं आणि दूध पाजायला खाली आणलं.

ती शेवटची पायरी उतरली, आणि वर...

धाड्!

आम्ही धावत गेलो. तावदान खाली आदळलं होतं. ट्रॉफीवरच्या छोट्या माणसाचं डोकं तुटून पाळण्यात पडलं होतं.

चादरीवर एमेटच्या डोक्याचा खळगा अजून तसाच होता. बरोबर त्यात.

"आजच्या आज नीट करायची," कोरीन म्हणाली. "नाहीतर तुम्ही दोघं झोपायचं त्या पाळण्यात."

लाइल ते डोकं तळहातावर घेऊन उभा. "हे चिकटेल का गं?"

"लाइल!"

"बरं बरं."

नवा बॅलन्स घ्यायचा तर आधी तावदानाचं वजन कळायला हवं. बॅलन्स हलका पडला तर खिडकी खाली येते, भारी पडला तर वर पळते. मी तावदान काढलं, मिठीत घेऊन बाथरूममध्ये गेलो आणि वजनकाट्यावर उभा राहिलो. मी एकटा एकशे एक्कावन्न पौंड. तावदानासकट एकशे बासष्ट.

म्हणजे अकरा. सोपं होतं.

तुटलेला बॅलन्स घेऊन मी वार्गोंच्या हार्डवेअरच्या दुकानात गेलो. म्हातारे वार्गो पन्नास वर्षं त्याच गल्ल्यामागे त्याच स्टुलावर बसलेत.

"तावदान किती पौंडांचं?"

"अकरा."

त्यांनी बॅलन्सच्या पट्टीवरचा आकडा अंगठ्यानं पुसला, भिंग लावलं आणि आकडा पुन्हा वाचला.

"हा एकोणीसचा आहे, पोरा."

"मग आधीच्या बाईंनी चुकीचा लावला असणार."

"मीच दिला होता. मिसेस हरनाक. एकट्याच राहायच्या, ना मूल ना मांजर. पहिल्यांदा अकराचाच नेला. आठवड्यानं आल्या, पंधराचा मागितला. पुढच्या आठवड्यात एकोणीसचा. मी म्हटलं, अहो, खिडकीला जेवायला काय घालता? हसल्या नाहीत. मग एकदाच आल्या..."

"काय न्यायला?"

"चार स्क्रू. लांब."

दुकानातला पंखा घरघरत होता.

"वजन कुठे केलंस?" त्यांनी विचारलं.

"बाथरूममध्ये."

"त्या खोलीत कर. खिडकीपाशी."

"मिस्टर वार्गो, खोली बघून वजन बदलत नाही."

"मग घाबरतोस कशाला?"

घरी येऊन काटा खिडकीखाली ठेवला. आकडा वाचायला लाइल गुडघ्यांवर बसला. तावदान उचलून मी काट्यावर चढलो.

"एकशे बासष्ट," लाइल म्हणाला. "म्हाताऱ्यानं तुला बनवलं."

मी हसणार होतो...

"थांब. त्रेसष्ट."

"हलवू नकोस काटा."

"मी हात नाही लावलेला. पासष्ट... अडुसष्ट... डेनी, उड्या मारतोयस का?"

मी श्वाससुद्धा घेत नव्हतो.

कडेवर मूल झोपी गेलं की ते कसं हळूहळू जड होत जातं? अंग सैल सोडतं, आपल्यावर रेलतं. तसंच ते तावदान माझ्या हातांत जड होत होतं.

आकडा एकशे सत्तरवर थांबला.

एकोणीस.

दुसऱ्या दिवशी मी एकोणीसची जोडी आणली. वार्गोंनी "कसं काय" असं विचारलं नाही. पिशवी हातात देताना एवढंच म्हणाले, "तावदान कधी हलकं झालं, तर हा बॅलन्स ते वर फेकेल. लक्षात ठेव."

"हलकं का होईल?"

त्यांनी पुढच्या गिऱ्हाइकाला हाक मारली.

मागे दुसरं कुणीच नव्हतं.

नवे बॅलन्स झकास बसले. तावदान सोडू तिथे थांबायचं. लाइलला इतका अभिमान वाटला की त्यानं शेजाऱ्याला बोलावून खिडकी दाखवली. शेजारी म्हणाला, "छान, उघडते." आठ दिवस सगळं सुरळीत.

नवव्या दिवशी दुपारी अडीचला कोरीन एमेटला घेऊन खिडकीपाशी उभी होती, खालचं गवताचं यंत्र दाखवत. तावदान अर्धं उघडं. मी दारात सँडविच खात होतो.

खिडकीला कुणाचाही हात लागला नव्हता.

यंत्र बंद पडलं. शांत झालं...

खटाक्!

तावदान सुसाट वर गेलं आणि चौकटीच्या माथ्यावर आदळलं.

"अगं बाई!" कोरीन दचकली, मग हसली. तिनं एमेटला डाव्या हातावरून उजव्यावर घेतलं. मग पुन्हा डाव्यावर.

"डेनी, जरा धर रे याला. हात भरून आले. काय जड झालाय आज हा!"

मी सँडविच खाली ठेवलं.

त्याला घेतलं, आणि मला कळलं. तरी मी तिथेच पडलेल्या काट्यावर चढलो. एमेट आदल्याच दिवशी डॉक्टरकडे साडेनऊ पौंड भरला होता. एकशे साठ दिसलं. मग आकडा चढू लागला. मी तो थांबायची वाट बघितली. थांबला तेव्हा आठ पौंड जास्त होते.

एमेट रडत नव्हता. माझ्या खांद्यावरून मागे बघत होता. उघड्या खिडकीकडे.

डॉक्टरच्या काट्यावर त्याचं वजन नेहमी बरोबर भरतं. घरात पाऊल टाकलं की आठ पौंड जास्त. पाळणा खाली हलवला, तेवढंच. एक आठवडा हॉटेलात राहिलो, तेव्हा बरोबर. परत आलो आणि उंबऱ्यातच कोरीनचा हात खाली ओढला गेला.

आता जानेवारी आहे. वरच्या खोलीत बर्फ साचतो. लाइल तावदानाला दोन्ही हातांनी लोंबकळून ते खाली आणतो. सोडलं की वर.

परवा वार्गो म्हणाले, "अकराचे देतो, बसव. खिडकी बंद तरी होईल."

मी नको म्हटलं.

"थंडीनं मराल."

"असू दे. त्या आठ पौंडांना परत जायचं झालं तर जागा हवी ना."

त्यांनी पिशवी घडी करून ठेवून दिली.

रोज अडीच वाजता कोरीन कोट घालते, एमेटला ब्लँकेटात गुंडाळते आणि त्याला कडेवर घेऊन त्या खिडकीपाशी उभी राहते. अर्धा तास. ती बाहेर बघत नाही. आम्ही तिघं तावदानाकडे बघत असतो.

अजून ते इंचभरही खाली आलेलं नाही.