पेजेतला आंबेमोहर

सुगंधी धान्य परीक्षण प्रयोगशाळेतील डॉक्टर विभावरी ओक यांच्या पांढऱ्या मेजावर पद्माकर खळदकर यांनी तीन डबे इतक्या जोराने ठेवले की काचनळ्या किणकिणल्या. तीस वर्षे लग्नाच्या पंगती वाढणाऱ्या या आचाऱ्याचा परवाना आज सायंकाळी रद्द व्हायचा होता.

लोकांना आता नुसता भात चालत नसे. आंबेमोहर हवा, आणि तोही अस्सल. म्हणून प्रत्येक पाहुण्याच्या मनगटावर विभावरीबाईंनी शोधलेला ‘गंधसाक्षी’ असे. रविवारी खळदकरांच्या भातावर नऊशे गंधसाक्षी लाल झाले. ही तिसरी खेप. वधूपित्याने भर मांडवात त्यांना चोर म्हटले.

“यंत्र खोटं बोलत नाही, खळदकर,” बाई म्हणाल्या. “शिजलेल्या आंबेमोहरात सुगंधाचे रेणू ठरावीक प्रमाणात असतात. गंधसाक्षी ते मोजतो. कमी भरले की लाल.”

“प्रमाण ठरवताना भात कुणी शिजवला?”

“मीच. इथे, कुकरमध्ये. दोन वाट्या.”

“दोन वाट्या.” खळदकरांच्या कपाळावरची शीर ताठ झाली. “नऊशे पानांचा भात कुकरात होत नाही, मॅडम. आम्ही उघड्या पातेल्यात, भरपूर पाण्यात शिजवतो आणि वेळतो. पेज काढून टाकतो. नाहीतर खाली करपतो, वर कच्चा राहतो. हा रविवारचाच तांदूळ. विचारा तुमच्या साक्षीदाराला.”

पहिल्या डब्यातील भातावर यंत्र लाल झाले. दुसऱ्या डब्यातील पेजेवर हिरवे.

बाईंचा आवाज उतरला. “रेणू पाण्यात गेले. मग पंगतीसाठी मर्यादा खाली आणू.”

“आणा. एवढी खाली, की रेशनचा भातही पास होईल. तसा तो आत्ताही होतोच म्हणा.”

त्यांनी तिसरा डबा उघडला. यंत्र हिरवे झाले.

“हा रेशनचा. वेळून झाल्यावर वर एका पानाचा अर्क शिंपडलाय. कोकणात परसात लावतात ते पान, भाताला वास यावा म्हणून. रेणू तोच ना?”

“तोच,” बाई पुटपुटल्या.

“आता विचार तुम्हीच करा. वेळलेला अस्सल आंबेमोहर तुमच्या यंत्रावर हिरवा होऊच शकत नाही. मग पंगतीत ज्याचा भात हिरवा झाला, त्यानं काय केलं असेल?”

भिंतीवर प्रामाणिक आचाऱ्यांची हिरवी यादी होती. दोनशे बारा नावे. बाईंनी तिच्याकडे पाहिले आणि नजर खाली वळवली. मग खळदकरांचे रद्दपत्र उचलून आडवे फाडले. खळदकरांचा राग तेवढ्याने निवला नाही.

“पहिल्यांदा लाल झालो, तेव्हा तुमच्या मुलीच्या लग्नाचं काम तुम्ही माझ्याकडून काढून घेतलंत. तिथं किती पानं हिरवी झाली?”

“हजार.”

“लाल?”

“एकही नाही.”

खळदकरांनी मेजावरचे काचपात्र पुढे ओढले, पेजेने काठोकाठ भरले आणि बाईंसमोर सरकवले.

“प्या. लेकीच्या लग्नात जे ताटात पडलं नाही, ते हे.”