हिरव्या गाठीची चादर

“अहो… ही माझी चादर आहे.”

सृष्टीनं डोळे उघडले. नुकतीच ती गुडघाभर पाण्यातून धावत बाहेर आली होती, वाळूवर अंथरलेली मोरपंखी सोलापुरी चादर दिसताच तिनं ती अंगाभोवती गुंडाळली होती आणि उन्हात छान आडवी झाली होती. स्पेनमधल्या वॅलेन्सियाच्या किनाऱ्यावर सोलापुरी चादर आणखी कुणाची असणार?

“माझीच आहे की!” ती म्हणाली… आणि दचकली. समोरचा मुलगा चक्क मराठीत बोलला होता!

“कोपरा बघा,” तो हसत म्हणाला.

तिनं कोपरा चाचपला. हिरव्या दोऱ्याची गाठ! तिच्या चादरीला तर लाल होती. लग्नघरात सगळ्यांची अंथरुणं एक होतात, म्हणून सोलापुरातल्या कितीतरी आया चादरीच्या कोपऱ्याला रंगीत दोऱ्याची गाठ घालतात. सृष्टीच्या आईनं लाल घातली होती, या मुलाच्या आईनं हिरवी.

तेवढ्यात पलीकडच्या छत्रीखालून हाक आली. “सृष्टे! दुसऱ्याच्या अंथरुणात काय करतीस? तुझी चादर हितं हाय!”

ती केसर आत्या. सोलापूरजवळच्या त्यांच्या मंद्रूप गावातल्या दवाखान्यातून परिचारिका म्हणून निवृत्त झाल्यावर तिनं आयुष्यातली पहिली परदेशी सहल ठरवली आणि सोबतीला भाचीला आणलं.

सृष्टी लाजेनं लाल झाली. चादर तर पार ओली झाली होती.

“सॉरी हं… वाळवून देते.”

“इथलं ऊन आपल्यासारखंच आहे, वाळेल. मी अभिमन्यू. सोलापूरच्या अशोक चौकात आमचे माग आहेत. इथं कापडाचं डिझाइन शिकतोय, दोन वर्षं झाली.”

“आणि दोन वर्षांत मराठी बोलायला कुणी भेटलं नाही?”

“भेटलं नव्हतं,” तो म्हणाला. “म्हणजे… आत्तापर्यंत.”

आत्यानं त्याला शेंगाची चटणी आणि कडक भाकरी दिली, गावं-नावं विचारली आणि दोघांच्याही ओळखीचा एक वैद्य सापडताच तिचं समाधान झालं.

“आमच्या गाइडनं उद्या सकाळी निघायचं सांगितलंय,” ती म्हणाली. “माझे पाय दुखतात, मी हितंच बसते. हिला शहर दाखव. पण दिवेलागणीच्या आत हाटेलावर आणून सोड.”

चादर वाळली, दोन्ही चादरी घड्या होऊन ज्याच्या त्याच्या पिशवीत गेल्या. आणि ते दोघं निघाले!

त्यांनी सायकली घेतल्या. शहराच्या मधोमध एक लांबच लांब बाग होती.

“ही पूर्वी नदी होती,” अभिमन्यू ओरडून सांगत होता. “मोठा पूर आला, मग लोकांनी नदी गावाबाहेर वळवली. रिकाम्या पात्रात ही बाग केली!”

“म्हणजे आपण नदीतून सायकल चालवतोय?”

“व्हय! आणि बुडत न्हाय!”

ती इतकी हसली की सायकल झुडपात गेली. त्यानं हात देऊन उठवलं. हात सोडायला दोघांनीही जरा उशीर केला… जरासाच.

दुपारी दुकानांची दारं पटापटा बंद झाली. रस्ते ओस पडले.

“अगदी आपलं सोलापूर!” सृष्टी म्हणाली. “मे महिन्यात दुपारी कुत्रंसुद्धा दिसत नाही.”

“म्हणूनच मला इथं परकं वाटलं नाही,” तो म्हणाला. मग बंद दारांकडे बघत म्हणाला, “इथल्या एका कंपनीनं मला नोकरी देऊ केलीय. उद्या सकाळी उत्तर द्यायचंय.”

सृष्टी थबकली. “आणि तू काय उत्तर देणार?” अहो-जाहो कधी गळून पडलं, तिला कळलंच नाही.

“ठरलं नाही अजून.”

परत ये, असं तिच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण सकाळी भेटलेल्या माणसाला असं कोण सांगतं? आणि तिच्यासाठी तो आला, नंतर पस्तावला तर?

कंदांपासून केलेलं गार, दुधासारखं सरबत इथं प्रसिद्ध आहे; त्याचं एक दुकान तेवढं उघडं होतं. ते आणायला अभिमन्यू काउंटरपाशी गेला. बाकावर दोन पिशव्या शेजारी शेजारी होत्या. सृष्टीनं इकडेतिकडे पाहिलं. झटकन तिनं दोन्ही चादरी काढल्या… आणि लाल गाठीची त्याच्या पिशवीत घातली, हिरवी आपल्या! तोंडानं सांगता येत नव्हतं ते चादर सांगेल. आणि चादर परत घ्यायला तरी तो मंद्रूपला येईलच की!

“एवढी का घाबरलीस?” तो पेले घेऊन आला.

“उकडतंय!”

शेवटी ते रेशमाच्या जुन्या बाजाराच्या इमारतीत गेले. आत उंचच उंच दगडी खांब, वरपर्यंत पीळ दिलेले.

“सुताला पीळ घालतात तसे!” ती मान वर करून गोल गोल फिरत होती. पिशवी त्याच्याकडे देऊन तिनं पुष्कळ फोटो काढले. परत आली तेव्हा त्याचे कान लाल झाले होते.

दिवेलागणीला हॉटेलच्या दारात तो म्हणाला, “येतो मग…”

“ये,” ती म्हणाली. पळतच खोलीवर गेली. पिशवी उघडली.

कोपऱ्यावर लाल गाठ होती.

तिचीच चादर! म्हणजे त्यानं पाहिलं… आणि काही न बोलता परत ठेवली. नको म्हणायची किती सभ्य पद्धत! त्या रात्री डोळे का लाल, असं आत्यानं विचारताच तिनं सर्दी झाल्याचं सांगितलं.

सकाळी बसमध्ये सामान चढत होतं. तेवढ्यात कोपऱ्यावरून अभिमन्यू धावत आला. केस विस्कटलेले, काखेत चादर.

“एवढंच विचारायला आलो,” तो धापा टाकत म्हणाला. “नको होतं तर तोंडावर सांगायचंस की! गुपचूप चादर का परत ठेवलीस?”

“मी? परत तू ठेवलीस!”

“मी कशाला? मी तर बदलली होती! तू फोटो काढत होतीस तेव्हा. न बघता, नुसत्या इकडच्या तिकडे केल्या!”

सृष्टी त्याच्याकडे बघतच राहिली. “पण… सरबताच्या दुकानात मी आधीच बदलल्या होत्या.”

मग दोघंही असे हसले की गाइडसुद्धा वळून पाहू लागला.

“कंपनीला काय सांगितलंस?” तिनं हळूच विचारलं.

“नाही म्हटलं, आत्ताच. तुझा नकार आहे असं समजत होतो, तरीसुद्धा. त्या खांबांखाली कळलं… इथला बाजार लोक आता नुसता बघायला येतात, आमचे माग अजून चालतात. मला ते चालवायचेत.” त्यानं हिरव्या गाठीची चादर पुढे केली. “आता बघून, समजून देतोय.”

तिनं पिशवीतली आपली लाल गाठीची त्याच्या हातात ठेवली.

“आरं, चादरींचा बाजार आवरा!” आत्या खिडकीतून ओरडली. “इमान काय तुमच्यासाठी थांबतंय व्हय?”

“पुढच्या महिन्यात चादर न्यायला मंद्रूपला येतो,” अभिमन्यू म्हणाला.

सृष्टी बसच्या पायरीवर चढली. वळून म्हणाली, “आणि मी दिलीच नाही तर?”

“मग… चादर असेल तिथं मी!”

बस निघाली. आत्यानं भाचीकडे तिरकं पाहिलं. “एवढ्या उकाड्यात चादर कशाला पांघरतीस गं?”

“सर्दी झालीय,” सृष्टी म्हणाली, आणि हिरवी गाठ मुठीत घट्ट धरून खिडकीबाहेर बघत राहिली.