खळ घातलेला रुमाल

"पन्नास मिली दूध द्या," स्नेहा म्हणाली, आणि अवसरी बुद्रुकच्या दूध संकलन केंद्रावरचा तरुण चक्क हसायलाच लागला.

"पन्नास मिली? मांजराचं पिल्लू पाळलंय का, मॅडम?"

"बारावीचं प्रॅक्टिकल आहे. घरून आणलेलं एसटीत नासलं."

नासणारच की! पहाटे उठून जुन्नरहून दोन गाड्या बदलत येणारी बाई. तिची ओढणीसुद्धा चुरगळलेली असायची, तिथं दुधाचं काय? गावातल्या ज्युनियर कॉलेजात केमिस्ट्री शिकवायला लागून तिला जेमतेम दोन महिने झाले होते. हसणारा तो रत्नदीप. केंद्र त्याचं स्वतःचं, चार महिन्यांपूर्वी काढलेलं. बत्तीस घरं त्याच्याकडे दूध घालायची.

"उद्यापासून मीच आणून देतो," तो म्हणाला.

"रोज नाही लागत."

"बरं, लागंल तेव्हा."

आणि लागो न लागो, गडी रोज हजर! प्रयोगशाळेच्या खिडकीत छोटी किटली ठेवायची आणि काहीतरी विचारत रेंगाळायचं.

"ह्या दुधात असतं तरी काय काय?"

"लॅक्टोज, केसीन, फॅट... सगळा कार्बनचाच कारभार."

"आन् माणसात?"

"माणसातही कार्बनच."

"म्हंजे तुमच्यात आन् माझ्यात लई फरक न्हाई म्हणायचं."

स्नेहानं धुतलेलीच परीक्षानळी पुन्हा धुवायला घेतली. हसू लपवायला दुसरं काही हाताशी नव्हतं.

मंगळवारी स्टार्चची चाचणी होती. बटाट्यावर आयोडीनचा थेंब टाकला, निळाकाळा. भातावर टाकला, निळाकाळा. "दुधात स्टार्च नसतो, त्यामुळे इथं रंग बदलणार नाही," म्हणत तिनं रत्नदीपच्या दुधात थेंब सोडला.

दूध निळं झालं.

"अयाया! दुधात पीठ!" मागच्या बाकावरून आवाज आला. रत्नदीप खिडकीतच उभा होता, पांढऱ्याशुभ्र कडक शर्टात. त्याचा चेहरा खर्रकन उतरला. स्नेहानं दुसरी नळी घेतली, पुन्हा थेंब टाकला. पुन्हा निळं. नळी खराब होती असं म्हणून वेळ मारून नेता आली असती. पण तिला ते जमेना.

"ह्या दुधात स्टार्च आहे," ती म्हणाली.

वर्गातली पोरं म्हणजे त्या बत्तीस घरांतलीच. भेसळीत आपलंही नाव नको म्हणून संध्याकाळपर्यंत अकरा घरांच्या किटल्या दुसऱ्या केंद्रावर गेल्या. असंच चाललं तर आठवड्यात रत्नदीपला टाळं लावावं लागणार, हे सांगायला ज्योतिषी नको होता.

स्नेहानं परतीची एसटी सोडली आणि आयोडीनची बाटली घेऊन थेट त्याचं घर गाठलं. तो गोठ्यात होता. वर न बघताच म्हणाला, "मी पीठ घातलं, असं वाटतं तुमाला?"

"वाटण्याचा प्रश्न नाही. तपासून बघायचं."

"वाटण्याचाच प्रश्न हाय, मॅडम."

"नाही वाटत. म्हणून तर आले."

मग तपासणी सुरू झाली. गाईची ताजी धार... रंग बदलला नाही. किटली... नाही. गाळायचं फडकं... तेही नाही. "कापूस आणि स्टार्च दोन्ही ग्लुकोजच्याच माळा," स्नेहा सवयीनं शिकवू लागली. "पण गुंफण वेगळी, म्हणून कापूस निळा होत नाही."

"पर आज ह्या फडक्यानं कुठं गाळलं?" रत्नदीपची आई जानकाबाई दारातून म्हणाली. "हे भिजत घातलं व्हतं. कालिजाचं दूध तेवढं मी ह्याच्या पांढऱ्या रुमालातनं गाळलं, धार काढल्या काढल्या, ऊन ऊन."

रुमाल आला. थेंब पडला. गडद निळा!

"खळ!" स्नेहा ओरडलीच. "ऊन दुधात खळ उतरली!"

"भाताच्या पेजेची हाय, बाई. पुनवेला विहारात जायच्या पांढऱ्या कापडास्नी घालते मी. पर पुनवेला अजून धा दिस हाईत! ह्यानंच परवा मागं लागून शर्टाला, रुमालाला खळ घालून घेतली. म्हणं, कालिजात दूध पोचवायला जायचंय."

"आई, गप की!" रत्नदीप कानापर्यंत लाल झाला. स्नेहा बाटलीचं बूच घट्ट लावू लागली, ते आधीच घट्ट होतं.

दुसऱ्या दिवशी तिनं सगळा प्रयोग वर्गासमोर पहिल्यापासून केला. जानकाबाईंनी स्वतः रुमाल धरला, आणि "काल मी अर्धंच तपासलं, चूक माझी," असं स्नेहानं सांगून टाकलं. पोरांनी ते घरोघर पोचवलं. एका दिवसात अकराही किटल्या परत आल्या.

तिसऱ्या दिवशी रत्नदीप खिडकीत आला. "शंका मिटली ना, मॅडम?"

"दुधाची मिटली. खळ कुणासाठी होती, ते राहिलंय."

"आईनं सांगितलं की..."

"मला तुमच्याकडून ऐकायचंय."

त्यानं घसा साफ केला. "तुमच्यासाठी. तुमी नुसतं एकदा बघावं म्हणून. बघितलंत, पर केंद्र बुडायची पाळी आली." तो कसनुसा हसला. "आता तुमचं काय ते सांगा. न्हाई म्हणालात तरी दूध येत राहील."

स्नेहानं ड्रॉपर उचलला, स्वतःच्या ओढणीचं टोक खिडकीच्या कठड्यावर पसरलं. तेव्हा कुठं त्याच्या लक्षात आलं, ओढणी आज चुरगळलेली नव्हती. कडक होती.

"पौर्णिमेला अजून आठ दिवस आहेत," ती म्हणाली, आणि थेंब सोडला.

डाग निळा उमटला.