बसून खाल्लेले दोन बन

“एक तास! आख्खे दोन बन खाऊन एक तास झाला, आणि हिला काहीही झालेलं नाही!” सरांनी हातातलं स्टॉपवॉच सगळ्यांना दाखवलं. “आता बोला! नुसती नाटकं!”

खुर्चीवर बसलेली ठिणगी मान खाली घालून बोटांवरचे बनचे कण पुसत होती. सुट्टीतल्या त्या शिबिरात तिच्याइतकं जोरात कुणी पळत नसे, म्हणून हे नाव. पण या आठवड्यात ती दोनदा मैदानावर कोसळली होती. अंगभर गांधी, सुजलेले ओठ, आणि दुसऱ्या वेळी तर धड श्वासही घेता येईना. तिच्या आईने शिबिरात नाश्त्याला मिळणाऱ्या बनवर संशय घेतला, म्हणून सरांनी ही परीक्षा घेतली होती.

“उद्या रिले! रिकाम्या पोटी कुणी पळायचं नाही, हा माझा नियम. माझ्यासमोर बन खायचा आणि पळायचं!”

तिचा तेरा वर्षांचा दादा हे ऐकत उभा होता. खरं तर त्याला राग यायला हवा होता. पण शुक्रवारी ती पडली तेव्हा तिचं डोकं त्याच्याच मांडीवर होतं, आणि तेव्हापासून त्याला काहीच वाटेनासं झालं होतं. भूक नाही, भीती नाही, रडूही नाही. दात काढताना भूल दिल्यावर गाल आपला वाटत नाही ना, तसं त्याचं सगळ्या अंगाचं झालं होतं.

सामानाच्या खोलीत, गाद्यांच्या ढिगावर तिघांची बैठक भरली. तिसरा म्हणजे त्यांचा मित्र खडू. त्याच्या खिशात कायम खडू असे आणि दिसेल तिथे तो लिही. समोर एक मोडका फळा होताच.

“बोला पटापट! हिने कधी काय खाल्लं, मग काय केलं?” खडूने विचारलं.

“सोमवारी बन खाल्ला,” ठिणगी म्हणाली. “पण मैदान आखायचं चाललं होतं, म्हणून आपण कॅरम खेळलो. गांधी एकही नाही. फक्त तू राणी ढापलीस.”

“ते लिहायची गरज नाही!”

मंगळवारी तिला उशीर झाला होता. सरांच्या नकळत न खाताच पळाली, ठणठणीत राहिली. बुधवारी बन खाऊन पळाली आणि पडली. गुरुवारी घरीच झोपून होती. शुक्रवारी पुन्हा तेच. घरी रात्री पाव खाऊन झोपते, तेव्हा काही होत नाही.

दादाने फळ्यावरच्या ओळींवरून बोट फिरवलं. “आज ती बसून होती,” तो सपाट आवाजात म्हणाला. “नुसतं खाल्लं तर काही नाही. नुसतं पळाली तरी काही नाही. खाऊन लगेच पळाली की पडते.”

“बाप रे!” खडूच्या हातातला खडूच पडला.

तिघं धावत सरांकडे गेले. “वा, डॉक्टरसाहेब! दवाखाना कधी उघडताय?” सर हसले आणि निघून गेले. घरी आई म्हणाली, “अरे, सरांनी परीक्षा घेतली ना? मग झालं तर.”

सकाळी ठरल्याप्रमाणे ठिणगीचा बन खडू गुपचूप गट्टम करणार होता. पण सरांची नजर घारीची! त्यांनी बन खडूच्या हातून काढून घेतला आणि ठिणगीला समोर उभं करून खायला लावला. शर्यतीला वीस मिनिटं होती.

दादा मैदानावरच्या टेबलापाशी गेला. रिलेत हातोहात द्यायचे, चार संघांचे चारही बॅटन त्याने शर्टात कोंबले आणि पंचांच्या उंच खुर्चीवर चढून बसला.

“खाली उतर!” सर ओरडले.

“ठिणगी पळणार नाही म्हणा, मग उतरतो.”

“कान धरून बाहेर काढीन!”

“काढा.”

शर्यतीसाठी बोलावलेली, प्रथमोपचाराच्या टेबलावरची डॉक्टरबाई उठून आली. ओरडणारी पोरं ती दवाखान्यात रोज बघत असे. हा मुलगा ओरडत नव्हता, म्हणून तिने त्याच्याकडे नीट पाहिलं. तेवढ्यात खडू धापा टाकत फळा ओढत घेऊन आला. बाईने तो दोनदा वाचला आणि ठिणगीला हाताला धरून खाली बसवलं.

“इथून हलायचं नाही हं, बाळ. सर, अशी अ‍ॅलर्जी असते. खाऊन स्वस्थ बसलं तर काही नाही, खाऊन पळलं की अंगावर उठते. बहुधा गव्हाची असेल, तपासण्या करून नक्की सांगता येईल. यात जीवही जाऊ शकतो!”

सरांनी गळ्यातलं स्टॉपवॉच काढून खिशात टाकलं. “मी तिला बसवूनच तपासलं,” ते हळूच म्हणाले. “चुकलंच माझं. पोरांनो, तुम्ही मला शहाणं केलंत.”

ठिणगीच्या जागी खडू पळाला आणि त्यांचा संघ शेवटचा आला. तरी कुणी त्याला चिडवलं नाही. फोन गेल्यावर आई कामावरून तशीच धावत आली. डॉक्टरबाईने तिला सगळं समजावलं. अ‍ॅलर्जी उठली तर टोचायचं इंजेक्शन कायम जवळ ठेवायचं, गहू खाल्ला की काही तास पळायचं नाही, आणि एकटीने तर कधीच नाही. आईने दादाच्या पाठीवरून हात फिरवला. “माझ्या लक्षात आलं नाही रे, तुझ्या आलं!” सगळे शाबासकी देत होते, आणि दादाला अजूनही काहीच वाटत नव्हतं.

तीन बॅटन त्याने परत केले होते. चौथा त्याच्या मुठीत तसाच होता.

“दे की आता,” ठिणगी म्हणाली. “खडू बिचारा फूटपट्टी घेऊन पळाला!”

“मूठ उघडत नाहीये,” दादा म्हणाला.

मग तिनेच त्याची बोटं एकेक करून सोडवली. तिचा हात गरम होता, आणि त्यावर एकही गांध नव्हती. दादाने तो हात उलटसुलट करून नीट पाहिला आणि सगळ्यांसमोर मोठ्याने रडायला लागला.