अडून बसलेला थेंब

थेंबापुढे वाट मोकळी होती, तरी तो आत शिरत नव्हता.

दहा वर्षांची इरावती भिंगातून पाहत होती. सन २०७१ मध्ये कानात एक छोटे बटण बसवले की मधमाश्यांचे बोलणे कळत असे. समोरच्या काचेच्या पट्टीवर डॉक्टर गुंजा ही सातेरी जातीची माशी येरझारा घालत होती. मधेच थांबून तिने आपले पाय मोजले. आजची ही तिसरी वेळ.

“सहाच आहेत, गुंजाताई,” इरावती म्हणाली.

“ठाऊक आहे गं! घाबरले की मोजते.”

कारणही तसेच होते. पोळ्यातली एक अळी (मधमाशीचे पिल्लू) मलूल पडली होती. साथ असेल, तर संध्याकाळपूर्वी साऱ्या माश्या पोळे सोडून जाणार होत्या. अळ्यांना मात्र उडता येत नाही.

अळीच्या अंगातला एकच थेंब मिळाला होता. गुंजाने काचेत केसाहून बारीक चर कोरून त्याच्या टोकाशी औषध ठेवले होते. थेंब तिथवर पोचला की साथ असल्यास तांबडा रंग दिसणार, नसल्यास निळा.

“पंप लावायचा का?”

“पंपातच संपेल तो! माझ्या जिभेला कुठे पंप आहे? तिच्यावरच्या केसांत मकरंद आपोआप भरतो. हे केशाकर्षण (बारीक जागेत द्रव आपोआप ओढला जाणे). पाण्याचे रेणू (अतिसूक्ष्म कण) एकमेकांना धरून असतात, पण काच त्यांना जास्त ओढते. अरुंद चरात भिंती अगदी जवळ, म्हणून पाणी पुढे सरकायलाच हवं. मग हा का अडलाय?”

“किती गोल बसलाय! मेणकागदावर बसतो तसा.” इरावती थबकली. “ताई, काचेला काही लावलंयस?”

“मेण! दोन दिवस घासत होते. मेण न लावता कुठली वस्तू वापरतात का?”

“अगं, पाणी मेणाला चिकटतच नाही. मग भिंती त्याला ओढणार कशा?”

गुंजाचे पंख थांबले. “माझी जीभ मेणाची असती, तर मी उपाशीच मेले असते,” ती पुटपुटली.

“बिनमेणाची पट्टी आहे?”

“एक आहे. पण अशी उघडीवाघडी? लोक काय म्हणतील!”

“आण आधी!”

गुंजाने नव्या पट्टीच्या टोकाशीही औषध ठेवले. इरावतीने त्या पट्टीचा चर थेंबाला हलकेच टेकवला. थेंब सरसर आत शिरला, वळणावर वळला आणि टोकाशी पोचला.

निळा!

“साथ नाही! भूक लागलीय नुसती अळीला!” गुंजा ओरडली. “इरा, अशाच पट्ट्या तुमच्या तान्ह्या बाळांसाठीही करू. रक्ताच्या एका थेंबात काम!”

ती नाचत पोळ्यात शिरली. प्रवासासाठी पोटात भरून घेतलेला मध माश्या पुन्हा घरांमध्ये ओतू लागल्या, आणि एक दाई माशी अळीला भरवायला वाकली.