ढिगातला गोटा

आलापल्लीच्या या जंगलात भुताले न भिणारा माणूस एकच, सोमाजी. म्हणजे मी. दिवस मावळल्यावर परसाकडे जाताना मी खोकत, गाणं म्हणत जातो, ते निव्वळ हौस म्हणून.

त्या दिवशी सरपण आणायला गेलो होतो. वाटेवर गोट्यांचा एक ढीग आहे. तिथे कोणी वाटसरू मेला होता म्हणतात, नाव कोणालेच ठाऊक नाही. येणारा-जाणारा एक गोटा टाकतो अन् पुढे निघतो. टाकायचा, उचलायचा नाही. मी उचलला. नातीच्या उशीखाली ठेवून तिले किंचाळवायचं होतं, दुसरं काय.

नात म्हणजे दिव्यानी. चंद्रपूरहून मले न्यायलाच आली होती. "इथी एकटे राहून राह्यले तुमी, आबाजी. काही झालं तं कोणाले कळन?" तिचं आपलं एकच. मी म्हटलं, खेळात हरव, मुकाट्याने येतो. मी जिंकलो तर हे घर सोडणार नाही, विषय बंद.

तिने सोबत आणलेला पट मांडला. तिची रोमन फौज, लाल सोंगट्या, जंगलातल्या रस्त्याने रांगेत येणार. पार झाली की ती जिंकली. माझ्या हिरव्या सोंगट्या म्हणजे जर्मन टोळ्या, झाडांत दबा धरून. फौजेला वेढलं की मी जिंकलो. ते रोमन कुठले अन् जर्मन कुठले, चौथी नापास माणसाले काय समजते, पण दबा धरायचं मले कोणी शिकवू नये. एक हिरवी सोंगटी तिने बसमध्ये हरवली होती. तिच्या जागी मी खिशातला गोटा ठेवला.

दिवेलागणीला लाईट गेली. कंदील लावला. मी हरत चाललो होतो. तिची रांग पटाच्या टोकाला भिडली, अन् बाहेर सागाच्या वाळल्या पानांवर पावलं वाजली. एका माणसाची नाही, पुष्कळांची. चुरर... मग थांबली. चुरर...

"आबाजी, कोण आहे?"

"रानडुक्कर असन."

"डुक्कर असं थांबून ऐकत नाई..."

ती दाराला कडी लावायला उठली. मी याच संधीची वाट पाहत होतो. सोंगट्या सरकवायला हात पुढे केला, तो तसाच राहिला. नुकत्याच उकरलेल्या मातीचा वास आला. पटावर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना, जंगलाच्या घराघरांत, त्या ढिगातल्यासारखा एकेक गोटा बसला होता. लाल फौज सगळी आडवी.

भ्यालो? भ्यालो ना. पण जिंकलो होतो. भेव होतंच, अन् हसू त्याले ढकलून बाहेर येत होतं. मी अशी मांडी थोपटली की कंदील हलला.

"एवढे गोटे कुठून आणले?" परत येत तिने विचारलं.

"हरली का नाई ते सांग."

"चिटिंग केली तुमी."

"तुह्या आजीची शप्पथ, हात नाई लावला." जन्मात पहिल्यांदा खरं बोललो, तर पोरीच्या चेहऱ्यावर विश्वास नाही.

तिने एक गोटा उचलला अन् झटकन खाली ठेवला. "गरम आहे..." ती पुटपुटली. "कोणाच्या मुठीत होता जसा..."

बाहेर पानं वाजायची थांबली. मी छाती काढून बसलो.

"मंग? राहतो ना मी इथीच? एकटा, राजासारखा?"

ती दाराच्या फटीकडे पाहत होती.

"राहा, आबाजी. शब्द दिला आहे मी. पण एकटे आता कुठी राह्यले तुमी?"